सी ड्राइव्ह भरला, ई मध्ये जागा आहे. तरी 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडाच दिसतो

अक्षरजुळणी (नारायण पेठ)

नमस्कार. मी घरूनच अक्षरजुळणीची आणि पुस्तकांच्या मांडणीची कामे करते. त्यासाठीचा डेस्कटॉप संगणक २०१९ साली असेंबल करून घेतला होता; त्या वेळी विंडोज १० होते, नंतर त्यावरच विंडोज ११ घेतले. हार्ड डिस्क एकच आहे, १ टीबीची, आणि विक्रेत्याने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिचे सी, डी आणि ई असे तीन भाग करून दिले. सी १२० जीबीचा असून त्यात आता जेमतेम ६ जीबी उरले आहेत. त्यामुळे विंडोजचे अपडेट दर वेळी जागा नसल्याचे सांगून थांबते आणि मोठ्या पुस्तकाची पीडीएफ करताना मांडणीचे सॉफ्टवेअर अर्ध्यावर बंद पडते. डी ४०० जीबीचा असून त्यात सुमारे ३१० जीबी सामग्री आहे. ई ४१० जीबीचा असून त्यात १६० जीबीच भरलेले आहेत.

ई मध्ये एवढी जागा पडून आहे म्हणून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून 'श्रिंक व्हॉल्यूम'ने त्यातील १०० जीबी कमी केले. ते काम विनासायास झाले आणि पट्टीच्या उजव्या टोकाला काळ्या रंगात १०० जीबी 'अनअलोकेटेड' म्हणून दिसू लागले. परंतु सी वर माउसचे उजवे बटण दाबल्यावर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय करडा दिसतो, निवडताच येत नाही. ई वर मात्र तोच पर्याय चालू आहे.

पट्टीवर डावीकडून उजवीकडे क्रम असा दिसतो: ४९९ एमबी रिकव्हरी, ९९ एमबी ईएफआय, सी, पुन्हा ५३० एमबी रिकव्हरी, डी, ई आणि शेवटी ही काळी जागा.

विंडोज नव्याने टाकून मोकळे व्हा, असे एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने सुचवले. पण जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरचे परवाने, डोंगल आणि देवनागरी फॉन्ट पुन्हा बसवत बसायचे म्हणजे कामाचा खोळंबा ठरलेला, आणि गणपती झाले की दिवाळी अंक अंगावर येतात. शिवाय डी वर घरातील छायाचित्रे आणि ग्राहकांच्या जुन्या फाइली आहेत, त्यांना धक्का लागलेला चालणार नाही. ही जागा सी मध्ये नेण्याचा सुरक्षित मार्ग कोणता, हे कृपया कोणी सांगावे.


धायरीकर

ताई, क्रम लिहून दिलात हे फार बरे केले, कारण या प्रश्नाचे उत्तर त्या क्रमातच आहे.

विंडोजचे स्वतःचे साधन कोणतेही पार्टिशन (म्हणजे डिस्कचा आखलेला भाग) फक्त उजवीकडे आणि फक्त लगतच्या मोकळ्या जागेतच वाढवते. ई च्या लगत उजवीकडे काळी जागा आहे म्हणून त्याला पर्याय मिळतो. सी च्या लगत रिकव्हरी आहे, तिच्यापुढे डी आणि ई आहेत, म्हणून त्याला मिळत नाही. जुन्या वाड्यात एका ओळीत असलेल्या खोल्यांसारखेच हे आहे: परसाकडची खोली रिकामी झाली म्हणून रस्त्याकडच्या बिऱ्हाडाची खोली मोठी होत नाही, मधल्या बिऱ्हाडांना आधी सरकावे लागते. 'श्रिंक' करताना जागा नेहमी त्या पार्टिशनच्या शेवटाकडून सुटते, सुरुवातीकडून नाही, त्यामुळे ई कितीही आकसला तरी त्याचा सी ला थेट उपयोग होणार नाही.

आता मधल्यांना सरकवायचे कसे, यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे जीपार्टेडसारखे साधन पेनड्राइव्हवरून सुरू करून ई आणि डी ही पार्टिशने आहेत तशीच उजवीकडे ढकलणे. हे शक्य आहे आणि बहुतेक वेळा सुरळीत पारही पडते. मात्र 'ढकलणे' म्हणजे नुसती नोंद बदलणे नव्हे. पार्टिशनची सुरुवात हलली की आतील सर्व काही डिस्कवरच्या नव्या जागी पुन्हा लिहावे लागते, आणि जीपार्टेड हे करताना रिकामी जागाही सोडत नाही. आपल्या बाबतीत ई चे ३१० आणि डी चे ४०० असे ७१० जीबी एकाच डिस्कवरून वाचून त्याच डिस्कवर लिहायचे आहेत. सेकंदाला सरासरी ४० एमबी धरले तरी पाच तास होतात, आणि जुनी डिस्क एवढाही वेग देईल असे नाही. या पाच तासांत वीज गेली तर अर्धे पार्टिशन जुन्या जागी आणि अर्धे नव्या जागी, अशी अवस्था होते. घरी इन्व्हर्टर असेल तरी त्यावर विसंबू नका. तो साध्या मोडवर असेल तर वीज जाऊन बॅटरीवर येण्याच्या क्षणात पंखा चालू राहतो, पण डेस्कटॉप मात्र पुन्हा सुरू होतो.

दुसरा मार्ग कंटाळवाणा आहे आणि मी तोच सुचवेन. डी मधील सगळी सामग्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. प्रत नीट झाली आहे का ते फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधील फाइलींची संख्या आणि बाइटमधील आकार दोन्हीकडे ताडून पाहा, आणि निरनिराळ्या फोल्डरांतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. त्यानंतर डी काढून टाका, मधल्या रिकव्हरीची व्यवस्था लावा (त्याबद्दल अधिक जाणणारे येथे आहेत, ते लिहितीलच), सी वाढवा, उरलेल्या जागेत नवा डी तयार करा आणि त्याला तेच अक्षर द्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेले फाइलींचे मार्ग बिघडणार नाहीत. सी वाढवताना आकडा एमबीमध्ये विचारला जातो. १०० जीबीसाठी १०२४०० लिहावे, नुसते १००००० लिहिले तर जागा थोडी कमी मिळते. नवा डी ३०० जीबीचा होईल आणि सामग्री ३१० जीबी आहे, तेव्हा क्वचित लागणारे जुने चित्रीकरण वगैरे ई मध्ये ठेवावे लागेल. ई चे काढलेले १०० जीबी उजवे बटण दाबून त्यालाच परत द्या, ते या कामाला लागतच नाहीत.

या मार्गात कोणत्याही क्षणी वीज गेली तरी फार तर एखादी फाइल पुन्हा उतरवावी लागते. पार्टिशन अर्धवट राहण्याची वेळ येत नाही. पहिल्या मार्गासाठीही बॅकअप घ्यावाच लागतो, आणि बॅकअप हातात आल्यावर पार्टिशन ढकलत बसण्याचे कारण उरत नाही.

दोन्हीपैकी काहीही करण्यापूर्वी एक करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून डिस्कची प्रकृती कशी आहे ते येथे कळवा. २०१९ ची डिस्क आहे, आणि काम दिवसभराचे.


डेक्कनकर

धायरीकरांच्या उत्तराला जोडून मधल्या ५३० एमबीबद्दल लिहितो, कारण बहुतेक लोक तेथेच अडकतात.

आपल्याकडे दोन रिकव्हरी दिसतात त्याचे कारण असे. २०१९ च्या सुमारास विंडोज १० नव्याने टाकल्यावर रिकव्हरी पार्टिशन सर्वांत पुढे तयार होत असे, ते ४९९ एमबीचे. पुढे मोठी आवृत्ती चढवताना जुने पार्टिशन अपुरे पडले की विंडोज सी च्या शेवटाकडून थोडी जागा कापून घेते आणि तेथे नवे तयार करते, ते ५३० एमबीचे. सध्या कोणते वापरात आहे हे अंदाजाने ठरवू नका. प्रशासकीय अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रिएजंटसी /इन्फो' ही आज्ञा द्या (टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत). उत्तरात हार्डडिस्क० आणि त्यापुढे पार्टिशनचा क्रमांक येतो. तो ५ येईल असा माझा कयास आहे.

संगणक सुरूच होईनासा झाला तर दुरुस्तीचा निळा पडदा येतो तो या पार्टिशनमधून, त्यामुळे ते उडवून विसरून जाणे बरे नाही. आधी 'रिएजंटसी /डिसेबल' ही आज्ञा द्यावी. त्याने दुरुस्तीची प्रतिमा, म्हणजे विनआरई नावाची डब्ल्यूआयएम फाइल, सी मधील विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या फोल्डरात परत येते. फाइल लपवलेली असते, तेव्हा लपवलेल्या आणि सिस्टमच्या फाइली दाखवण्याची सोय चालू करून ती तेथे खरोखर आली आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच पुढे जावे.

डिस्क मॅनेजमेंट हे पार्टिशन काढू देत नाही, त्यासाठी डिस्कपार्ट हे कमांड प्रॉम्प्टमधून चालणारे विंडोजचे साधन लागते, आणि येथे एक खाचखळगा आहे. ईएफआय (संगणक सुरू होण्यासाठी लागणारे पार्टिशन) आणि सी यांच्या दरम्यान १६ एमबीचे आणखी एक राखीव पार्टिशन असते. ते डिस्क मॅनेजमेंटच्या चित्रात दिसत नाही, पण डिस्कपार्टच्या यादीत असते. म्हणून चित्रात चौथ्या स्थानी असलेले रिकव्हरी यादीत पाचवे येते, आणि चित्रात पाचवा असलेला डी यादीत सहावा येतो. बोटांनी मोजून क्रमांक दिला की नेम चुकतो. 'सिलेक्ट डिस्क ०' म्हटल्यावर 'लिस्ट पार्टिशन' म्हणावे, प्रकाराच्या रकान्यात 'रिकव्हरी' आणि आकाराच्या रकान्यात ५३० एमबी ही दोन्ही वाचून तोच क्रमांक निवडावा, आणि त्यानंतरच 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' म्हणावे. चालू विंडोज ज्यावर आहे ते पार्टिशन डिस्कपार्ट काढू देत नाही. डी आणि ई ला मात्र असे कोणतेही संरक्षण नाही, आणि 'खात्री आहे का' असेही ते विचारत नाही.

सी वाढवून झाल्यावर त्याच्या शेवटाकडून १ जीबी कमी करून तेथे नवे रिकव्हरी पार्टिशन करावे आणि 'रिएजंटसी /इनेबल' म्हणावे. पूर्वीसारखे अर्धा जीबी ठेवू नका. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेले केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य संगणकांवर याच कारणाने बसले नव्हते, कारण रिकव्हरीत जागाच नव्हती. मायक्रोसॉफ्टला ते पार्टिशन २५० एमबीने वाढवण्याची कृती लोकांना लिहून द्यावी लागली. नवे पार्टिशन करण्याचा उपद्व्याप नको असेल तर नुसते 'इनेबल' केले तरी दुरुस्तीची सोय सी मध्येच राहून चालते, पण सी एन्क्रिप्ट केलेला (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असेल तर ती वेगळ्या पार्टिशनमध्ये असणेच योग्य.

त्याच ओघात एक सांगतो. 'सेटिंग्ज'मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते पाहा. असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर 'सस्पेंड' करा. असेंबल केलेल्या जुन्या डेस्कटॉपवर ते बहुधा नसते, पण बघायला काही पैसे पडत नाहीत.

सर्वांत पुढचे ४९९ एमबी तसेच राहू द्या. ते सी च्या डावीकडे आहे, काढले तरी त्या जागेचा आपल्याला उपयोग नाही.


खडकीवाला

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे मला समजले नाही. जीपार्टेड २००४ पासून उपलब्ध आहे, फुकट आहे, आणि मी अनेकांच्या संगणकांवर त्यानेच पार्टिशने सरकवली आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू करायचे, चित्रातील पट्टी माउसने ओढायची, 'अप्लाय' दाबायचे आणि रात्री झोपायला जायचे. वाचनात त्रुटी आली तर ते केलेले काम उलटवण्याचाही प्रयत्न करते. ३१० जीबी बाहेर काढून पुन्हा आत घालण्यात दोन दिवस मोडतील, त्याचा हिशेब कोणी करत नाही.

दोन पथ्ये पाळावीत, एवढेच. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करावे आणि नंतर संगणक पूर्ण बंद करावा, कारण ते चालू असताना विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग जीपार्टेड त्या पार्टिशनला हात लावण्यास नकार देते, आणि ते योग्यच आहे. दुसरे, काम झाल्यावर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना स्वतःहून चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, करते, ते मध्ये तोडू नये. महावितरणची देखभाल आपल्याकडे बहुधा गुरुवारी असते, तेव्हा गुरुवार सोडून बाकीचे सहा दिवस मोकळे आहेत.

'मोफत' म्हणून मिळणाऱ्या इतर पार्टिशन सॉफ्टवेअरबद्दल मात्र सावध राहा. त्यातील काही सगळी आखणी करू देतात आणि शेवटचे बटण दाबल्यावर पैसे मागतात.


धायरीकर

@खडकीवाला, जीपार्टेड वाईट आहे असे मी म्हटलेले नाही. रिकामी पार्टिशने मीही त्यानेच सरकवतो. परंतु काम उलटवायला संगणक चालू असावा लागतो, वीज गेल्यावर कोण उलटवणार? आणि महावितरण गुरुवारी कळवून वीज बंद करते. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडते तेव्हा वार पाहून पडत नाही. ज्यांच्याकडे डेस्कटॉपला पुरेसा यूपीएस आहे आणि बॅकअपही आहे, त्यांनी खुशाल आपला मार्ग घ्यावा.


पर्वतीपायथा

पार्टिशनचा विषय चालू आहे, पण १२० जीबी नेमके कशाने भरले हे कोणीच विचारलेले नाही. मीही याच व्यवसायात आहे आणि माझा अनुभव असा, की अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या संगणकाचा डेस्कटॉप हेच खरे गोदाम असते. ग्राहकाने पाठवलेले फोटो, मुद्रितशोधनाच्या प्रती, 'अंतिम', 'अंतिम २', 'खरोखर अंतिम' या सगळ्या पीडीएफ तेथेच पडतात. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही फोल्डरे सी मध्ये असतात, हे पडद्यावर पाहताना जाणवत नाही.

ताई, त्यातील कोणत्याही फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' असा भाग आहे. तेथून 'मूव्ह' करून ते फोल्डर ई मध्ये नेता येते, आणि वापरताना पूर्वीसारखेच जागच्या जागी दिसते. एक काळजी घ्या: ई मध्ये आधी 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' अशी वेगवेगळी रिकामी फोल्डरे करा आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या फोल्डरात न्या. नुसता ई ड्राइव्ह निवडला तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि तो गुंता सोडवताना नाकी नऊ येतात.

दुसरे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याच्या सोयीची) फाइल. ती साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा धरून बसते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर ६ जीबीहून अधिक. डेस्कटॉप संगणकावर हायबरनेशन फारसे कोणी वापरत नाही. 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा दिली की ती फाइल नाहीशी होते आणि खडकीवाल्यांनी सांगितलेले फास्ट स्टार्टअपही तिच्याबरोबर बंद होते. विंडोजची मोठी आवृत्ती नुकतीच चढवली असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डरही पाहा. जुन्या आवृत्तीवर परतण्याची मुदत १० दिवसांची असते, त्यानंतर ते राखून काही उपयोग नाही. मात्र ते डिलीट बटणाने न काढता 'सेटिंग्ज'मधील 'स्टोरेज' या भागातून काढावे.

एवढ्याने ३०-४० जीबी सुटले तर पार्टिशनला हात लावण्याचे कारणच राहणार नाही.


अक्षरजुळणी (नारायण पेठ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पर्वतीपायथा यांनी माझ्या संगणकाचे डेस्कटॉप कोठून पाहिले, असा प्रश्न पडला. त्या एका फोल्डरातच ३८ जीबी निघाले. हायबरनेशन बंद केल्यावर आणखी ३ जीबी सुटले, रॅम ८ जीबीच आहे.

डेस्कटॉप हलवण्यापूर्वी धायरीकरांच्या सांगण्याप्रमाणे क्रिस्टलडिस्कइन्फो चालवले. वरती निळ्याऐवजी पिवळा रंग आहे आणि 'कॉशन' असे लिहिले आहे. यादीतील 'सी५, करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या ओळीच्या शेवटी ००००००००००१८ असा आकडा आहे. '०५, रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट' या ओळीत सगळी शून्ये आहेत. हे १८ म्हणजे किती गंभीर समजावे? संगणक नेहमीसारखाच चालतो, फक्त डी मधील जुनी काही फोल्डरे उघडताना थोडा थांबतो.


धायरीकर

ताई, डेस्कटॉप हलवायचे थांबवा, आणि पार्टिशनचे तर सगळेच थांबवा.

तो आकडा षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत असतो, त्यामुळे १८ म्हणजे आपले २४. डिस्कला २४ सेक्टर (साठवणीचे लहान कप्पे) वाचता आलेले नाहीत आणि त्यांचे काय करायचे ते तिने ठरवायचे ठेवले आहे, असा त्या ओळीचा अर्थ. त्या जागी पुन्हा काही लिहिले गेले की डिस्क एक तर तो सेक्टर सुधारल्याचे मानते किंवा राखीव साठ्यातून दुसरा सेक्टर देते, आणि दुसरा दिला की ०५ ची शून्ये बदलू लागतात. २४ सेक्टर म्हणजे जागा क्षुल्लक आहे, एखादी डिस्क अशा अवस्थेत वर्षभरही चालते; पण एखादी पुढच्या आठवड्यात बसते. जुनी फोल्डरे उघडताना थांबणे हे बहुधा त्याच सेक्टरांपाशी अडखळणे असावे. अशा डिस्कवर ७१० जीबी सरकवणे म्हणजे आगीशी खेळ आहे, आणि या बाबतीत खडकीवालेही माझ्याशी सहमत होतील असे वाटते.

आता क्रम बदला. प्रथम जे पुन्हा मिळणार नाही ते बाहेर काढा: छायाचित्रे, ग्राहकांच्या मूळ फाइली, चालू कामे. मोठे चित्रीकरण आणि परत उतरवता येणाऱ्या गोष्टी शेवटी. एखाद्या फाइलपाशी कॉपी अडली तर ती वगळून पुढे जा, तिच्यासाठी डिस्कला पुन्हा पुन्हा रगडू नका. सामग्री बाहेर येईपर्यंत 'चेकडिस्क /आर' आणि डीफ्रॅग (फाइलींची फेरमांडणी) दोन्ही चालवू नका. ती दोन्ही अख्खी डिस्क विंचरतात, आणि आजारी डिस्कवरचा तो ताण कधी कधी अखेरचा ठरतो. कोणीतरी 'चेकडिस्क करून बघा' असे सांगेलच, त्यांना हे वाचायला द्या.

त्यानंतर नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. तपकीर गल्लीत जाणार असाल तर जाण्यापूर्वी मदरबोर्डचे नाव पाहून त्यावर एम.२ ची खाच आहे का ते तपासा. नसल्यास साटा जोडणीची एसएसडी आणि तिची केबल घ्यावी लागेल. आपल्या कामाला ५०० जीबी पुरेल. त्यावर सी आणि चालू कामे ठेवा, जुना संग्रह बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि त्या संग्रहाची दुसरी प्रत आणखी कोठेतरी असू द्या. विंडोज नव्याने टाकण्याची गरज नाही. जुन्या डिस्कवरील पुढची लहान पार्टिशने आणि सी यांचे एसएसडीवर क्लोनिंग, म्हणजे हुबेहूब प्रत, करता येते, म्हणजे परवाने, फॉन्ट, सगळे जागच्या जागी येते. क्लोनिंगचे सॉफ्टवेअर खराब सेक्टरपाशी थांबले तर त्यात ते वगळण्याची सोय असते, ती चालू करावी. सॉफ्टवेअरच्या परवान्याबद्दल मात्र विक्रेत्याशी आधी बोलून घ्या. डोंगलवर चालणाऱ्याला अडचण येऊ नये, पण काही जुन्या सॉफ्टवेअरचे परवाने हार्ड डिस्कच्या अनुक्रमांकाशी बांधलेले असतात आणि डिस्क बदलली की ती पुन्हा नोंदणी मागतात.

सी पूर्वीसारखा १२० जीबीचा करू नका. कमीत कमी २५० जीबी द्या, किंवा खरे तर एसएसडीचे भाग पाडूच नका. विंडोज बिघडले तरी डी वाचतो, म्हणून भाग पाडण्याची पद्धत पडली होती. डिस्कच बसली तर सगळे भाग एकदमच जातात, हे आता आपल्यासमोर आहेच.


खडकीवाला

सी५ मध्ये आकडा असेल तर मीही पार्टिशन सरकवणार नाही. क्लोन करताना सॉफ्टवेअर फारच अडले तर लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलून घेते, खराब भाग शेवटी ठेवते, आणि कोठपर्यंत आले याची नोंद एका फाइलमध्ये राखते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी तेथून पुढे सुरू करता येते. धायरीकरांना हे आवडावे.


डेक्कनकर

क्लोनिंग होणारच आहे, तर रिकव्हरीचा प्रश्न तेथेच परस्पर सुटतो. क्लोन करण्यापूर्वी जुन्या डिस्कवर 'रिएजंटसी /डिसेबल' म्हणा आणि ती फाइल सी मध्ये आली आहे हे पाहून घ्या. मग पुढचे ४९९ एमबी, ईएफआय, १६ एमबीचे राखीव आणि सी एवढीच पार्टिशने एसएसडीवर न्या. मधले ५३० एमबीचे रिकव्हरी नेऊच नका. एसएसडीवर सी च्या लगत उजवीकडे सगळी जागा मोकळीच असेल, त्यामुळे आपला तो करडा पर्याय तेथे चालू झालेला दिसेल. वाढवताना शेवटी १ जीबी सोडा, त्यात नवे रिकव्हरी पार्टिशन करा आणि 'इनेबल' म्हणा.

क्लोन झाल्यावर संगणक पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्कची ओळख एकच झालेली असू शकते, मग विंडोज त्यातील एकीला 'ऑफलाइन' करते, किंवा बायोस मुकाट्याने जुन्या डिस्कवरूनच सुरू होते आणि आपण नव्यावर काम करत आहोत अशा समजुतीत राहतो. एसएसडीवरून विंडोज नीट सुरू झाले, मांडणीची सॉफ्टवेअरे उघडली आणि एखाद्या जुन्या पुस्तकाची पीडीएफ होऊन बाहेर पडली, की मग केबल परत जोडायला हरकत नाही. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका, दिवाळी अंक छपाईला जाईपर्यंत ती आहे तशीच राहू द्या.